उंदराचं काळीज

उंदराचं हृदय सोनाराच्या जुन्या तराजूत टाकलं तर गुंजभर भरेल, फार तर सव्वा गुंज. मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देणाऱ्या या एवढ्याशा मांसाला हार्ट अटॅक येतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात. अटॅक म्हटला की आपल्यासमोर उभा राहतो तो पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बँकेचे हप्ते आणि सिगारेट दोन्ही चालू असलेला गृहस्थ. उंदराला कसलं आलंय टेन्शन! शिवाय उंदराच्या रक्तवाहिन्यांत आपल्यासारखी चरबीची पुटं आपोआप धरत नाहीत. त्या बाबतीत तो आपल्याहून नशीबवान. तरीही एका वंशाचे नर उंदीर ऐन तारुण्यात अटॅकने मरतात. त्यांना ल्यूपस असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आपपर विसरते, स्वतःच्याच पेशींतल्या डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवते, आणि ती जिथे जिथे जाऊन बसतात तो तो अवयव पोखरला जातो. कधी सांधे, कधी मूत्रपिंड, कधी कातडी, कधी हृदय.

या उंदरांची वंशावळ सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण भागात ड्युनेडिन नावाचं शहर आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेलं बिल्शोव्स्की नावाचं संशोधक जोडपं फिरत फिरत तिथे पोचलं. मारियान बिल्शोव्स्की कॅन्सरच्या अभ्यासासाठी उंदीर वाढवत होत्या. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावत पिढ्यामागून पिढ्या काढायच्या, म्हणजे सगळे उंदीर आतून-बाहेरून सारखे होतात. त्यांच्या काळ्या उंदरांचं शरीर आपल्याच तांबड्या पेशी फोडतंय, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅन्सर राहिला बाजूला! १९६३ मध्ये हेलियर आणि हाउई यांनी या काळ्या वंशाचा तिथल्याच पांढऱ्या वंशाशी संकर केला, तेव्हा पिल्लांच्या मूत्रपिंडांत माणसाच्या ल्यूपससारखाच आजार दिसला. पुढे अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एडविन मर्फी यांनी बीएक्सएसबी नावाचा आणखी एक वंश काढला. आणि १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हँग, इझुई आणि डिक्सन या तिघांनी न्यूझीलंडची पांढरी मादी आणि बीएक्सएसबी नर अशी जोडी लावली. मादी जवळजवळ निरोगी, पूर्ण आयुष्य जगणारी. नर मूत्रपिंडाच्या ल्यूपसने जाणारा. त्यांचे मुलगे मात्र हृदयावर गेले. आईत निमूट पडून राहिलेलं काहीतरी बापाच्या वारशाशी गाठ पडताच जागं झालं होतं.

जपानमधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये या उंदरांची हृदयं कापून-मोजून पाहिली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आजाराचा पत्ता आहे: लहान कोरोनरी धमन्या. मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे असं काही वाचलं की हात आपोआप सूक्ष्मदर्शकाकडे जातो. हृदयाचा पातळ काप रंगवून काचेवर ठेवला की निरोगी स्नायू गुलाबी दिसतो. लांब लांब तंतू, प्रत्येकात निळसर जांभळं केंद्रक. मेलेल्या भागात केंद्रकं पुसली जातात, तंतूंच्या आडव्या रेघा विरतात, सगळं फिकट आणि एकसुरी होतं. अटॅक जुना असेल तर तिथे स्नायूच उरत नाही, वण असतो. मग नजर शेजारच्या वाहिनीवर न्यायची. मोठ्या धमन्या मोकळ्या. स्नायूच्या आत शिरलेल्या बारक्या वाहिनीची भिंत मात्र गुलाबी, काचेसारख्या थराने फुगलेली आणि मधली पोकळी चिमटून गेलेली. सूज आणणाऱ्या पेशींची गर्दी म्हणावी तर तीही फारशी नाही. सगळं मुकाट्याने घडलेलं. आणि गंमत अशी की याच उंदरांच्या रक्तात प्लेटलेट कमी असतात. प्लेटलेट कमी म्हणजे रक्त वाहायला हवं, गोठायला नको. पण त्यांच्या रक्तात कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं असतात, आणि ती असली की एकीकडे प्लेटलेट घटतात आणि दुसरीकडे गुठळ्या होतात. माणसांतला हाच प्रकार लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केला. त्यात बायकांचे गर्भ वारंवार पडतात, तरण्याताठ्या माणसाच्या पायात, मेंदूत, हृदयात गुठळी होते.

हे सगळं मला परळच्या माझ्या कामाच्या खोलीत आठवायला हवं, पण आठवतं डहाणू तालुक्यातल्या सायवनला.

चारोटी नाक्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडायचा, कासा मागे टाकायचं आणि उधव्याच्या दिशेने जात राहायचं. डहाणू म्हटलं की मुंबईकराला चिकू आणि समुद्र आठवतो. इथे दोन्हींचा पत्ता नाही. इथे भात, नागली, वरई, साग, मोह, आणि डोंगराच्या सोंडांवर पसरलेले वारल्यांचे, कोकण्यांचे, कातकऱ्यांचे पाडे. माझी एक मैत्रीण या भागात नर्स आहे. कापणीच्या दिवसांत मी तिच्याकडे जाऊन राहते. दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर भात झोडलं जातं, शेणाने सारवलेल्या कणग्या भरतात, धान्यदेवी कणसरीची पूजा होते, रात्री कुठून तरी तारप्याचा आवाज येतो. आणि उंदीर येतात. कुडाच्या घरात, करवीच्या भिंतीतून, आढ्यावरून, कणगीच्या बुडाशी. शेतातले तर बिळात ओंब्याच्या ओंब्या नेऊन ठेवतात. कापणी झाल्यावर कातकरी बायका ती बिळं खणून दाणा काढतात. उंदराची चोरी अशी पुन्हा माणसाच्या टोपलीत येते. घुबड, साप, मांजर, माणूस आणि भूक यांच्यामध्ये शेतातल्या उंदराचं आयुष्य इतकं आखूड असतं की अटॅक यायला त्याला सवडच नाही. प्रयोगशाळेतल्या त्याच्या भाऊबंदाला वेळच्या वेळी दाणापाणी, ठरलेला उजेड, ठरलेला अंधार. मरायचं ते आतूनच.

सायवनला मोठा रस्ता आहे, गाड्या आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नकाशात पाहिलं तर या मुलखाला रक्तपुरवठा बरा चाललाय असंच वाटेल. रस्ता सोडून पाड्याकडे वळलं की काय ते कळतं. आधी खडी, मग माती, मग बांध, मग पायवाट, मग ओहोळ. पावसाळ्यात ओहोळ भरला की पाडा संपर्काबाहेर. बाळंतीण असो की साप चावलेला, झोळी करून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि १०८ची गाडी तिथे उभी राहते जिथे डांबर संपतं. हृदयाची अँजिओग्राफी नेमकी याच जागी थांबते. साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या तिला दिसतात. त्याहून बारीक वाहिन्यांचं जाळं, आणि हृदयाचा बहुतेक स्नायू प्रत्यक्षात त्यांच्यावरच जगतो, पडद्यावर उमटत नाही. ‘नळ्या क्लीन आहेत’ असं सांगून डॉक्टर पेशंटला घरी पाठवतो. डांबर संपेपर्यंतचा रस्ता क्लीनच असतो की!

ल्यूपसच्या बायकांत हे होतं याचा पुरावा उंदरांपुरता राहिलेला नाही. लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये छातीत दुखणाऱ्या, पण मोठ्या धमन्या मोकळ्या असलेल्या ल्यूपसच्या रुग्ण बायकांच्या हृदयाचं एमआरआय केलं. बऱ्याच जणींच्या स्नायूला पुरेसं रक्त पोचत नव्हतं. त्याआधी १९९७ मध्ये पिट्सबर्गहून सुझन मांझी यांनी जे आकडे दिले ते अजूनही अंगावर येतात. पस्तीस ते चव्वेचाळीस वयाच्या ल्यूपस असलेल्या बायकांना अटॅक येण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नास पटींहून जास्त. पन्नास टक्के नाही, पन्नास पट. त्यातला बराच भाग मोठ्या धमन्यांत अकाली साचलेल्या चरबीचा आहे, काही गुठळ्यांचा, काही बारक्या वाहिन्यांचा. सगळं एकाच खात्यावर टाकणं बरोबर होणार नाही. पण ज्या वयात बाईच्या छातीत दुखण्याला आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो, नेमक्या त्याच वयाचे हे आकडे आहेत.

इथे एक कोडं आहे. माणसांत ल्यूपसच्या दहा रुग्णांपैकी नऊ बायका असतात, मग उंदरांत पोरगेच का मेले? उत्तर मिळायला २००६ साल उजाडलं. बीएक्सएसबी नराच्या वाय गुणसूत्रावर एक्स गुणसूत्राचा एक तुकडा येऊन चिकटलेला निघाला. त्या तुकड्यात टीएलआर-७ नावाचं जनुक असतं. विषाणूचा आरएनए ओळखून धोक्याची सूचना देणं हे त्याचं काम. नराकडे ते एक असायला हवं, या नरांकडे दोन झाली. सूचना दुप्पट जोराची, मग स्वतःच्या पेशींच्या मोडतोडीतून पडलेला आरएनएसुद्धा शत्रू वाटू लागतो. आता बायकांकडे बघा. त्यांच्याकडे मुळात दोन एक्स असतात. त्यातलं एक प्रत्येक पेशीत मुकं केलेलं असतं खरं, पण टीएलआर-७ काही पेशींत त्या मुक्या प्रतीवरूनही बोलतं, हे २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीच्या याच जनुकातलं एक अक्षर बदललेलं सापडलं. तिला लहान वयात ल्यूपस झाला होता. तोच बदल उंदरात घातला, उंदरालाही झाला. म्हणजे त्या उंदरांना जे अपघाताने मिळालं त्याच्याशी जवळचं काहीतरी प्रत्येक बाईला जन्मतः मिळालेलं असतं. बहुतेकींत ते कधीच डोकं वर काढत नाही. न्यूझीलंडच्या त्या पांढऱ्या आईची मला इथे पुन्हा आठवण होते.

मैत्रिणीबरोबर एका पाड्यावर गेले होते. ओट्यावर एक तिशीची बाई भात पाखडत होती. सूप हलवताना मनगट वळत नव्हतं म्हणून ती कोपरापासून अख्खा हात हलवत होती. सकाळी बोटं उघडतच नाहीत, चुलीजवळ शेकली की मग मूठ वळते, म्हणाली. कधीपासून? लावणीपासून. आधीही होतं, पण लावणीत जास्त. मैत्रिणीने विचारलं, ‘‘बाय, सिकलसेल तपासलंय ना गं?’’ तिने आतून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड आणलं. तपासलेलं होतं, सिकलसेल नव्हता. मग दवाखान्यात का नाही आलीस? भात घरात येऊ दे, मग येते. आणि भात घरात आल्यावर? ती हसली. भात घरात आल्यावर वीटभट्टी.

मैत्रिणीचा प्रश्न रास्त होता. या पट्ट्यात तरुण मुलीचे सांधे दुखले की पहिला संशय सिकलसेलचा घ्यायचा असतो, घ्यायलाच हवा. २०२३ पासून देशभर त्याची मोहीम सुरू आहे, कार्डं वाटली जातात, हे चांगलंच आहे. सिकलसेलही बारक्या वाहिन्याच तुंबवतो. पण तपासणी नकारार्थी आली की दुखणंही नकारार्थी झालं असं आपण धरून चालतो. दुखणं कार्ड वाचत नाही. ल्यूपसचा तर स्वभावच आडवळणाचा. गालांवरची फुलपाखराच्या आकाराची लाली गोऱ्या कातडीच्या पुस्तकांतून आपण शिकतो. उन्हात रापलेल्या सावळ्या गालावर ती काळपट डाग म्हणून दिसते, आणि डाग कुणाला नसतात? उन्हाने आजार चाळवतो, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि खाली सल्ला असतो: ऊन टाळा. आषाढ-श्रावणात ओणवं राहून लावणी करणाऱ्या आणि माघ-फाल्गुनात वीटभट्टीवर कच्च्या विटा उलटवणाऱ्या बाईने ऊन कुठे टाळायचं, ते लिहिलेलं नसतं.

औषधाची गोष्ट मात्र इथल्या लोकांच्या ओळखीची आहे. ल्यूपसवरचं मुख्य औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, हे हिवतापाच्या गोळीचं भावंड. हिवतापाची औषधं या आजारात उपयोगी पडतात हे फार जुनं निरीक्षण. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज या डॉक्टरने मेपाक्रीनचे परिणाम छापले आणि तिथून वाट रुंद झाली. ही गोळी आजार दाबून धरते, गुठळ्यांचा धोकाही कमी करते, गरोदरपणातही चालते. क्लोरोक्वीनच्या कडू गोळ्या डहाणू-तलासरीच्या पिढ्यांनी चावल्यात. पण हिवतापाला गोळी तीन दिवस पुरते, ल्यूपसला वर्षानुवर्षं रोज लागते, मधूनमधून डोळे तपासून. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे भट्टीवर गेलेलं आणि होळीला परतलेलं कुटुंब ती कुठल्या दवाखान्यातून घेणार? नोंद एका तालुक्यात, माणूस दुसऱ्या. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनावरचं औषध म्हणून याच गोळीची झुंबड उडाली, तेव्हा शहरातल्या ल्यूपसच्या रुग्णांनाही दुकानातून रिकाम्या हातांनी परतावं लागलं होतं. कोरोनावर ती निरुपयोगी ठरली. पाड्यावरच्या बाईला ही टंचाई नवी वाटली नसती.

ल्यूपस दुर्मीळ आहे, मान्य. दिल्लीजवळच्या गावांत मालवीय यांनी केलेल्या पाहणीत लाखात तीनच्या आसपास रुग्ण सापडले. ती पाहणी १९९३ मध्ये छापली गेली. पण दुर्मीळ आजार मोजायचा तर दारोदार जावं लागतं. महाराष्ट्रात ते काम भिगवणला झालं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी १९९६ मध्ये तिथे घरोघर गेले, आणि चार हजारांहून अधिक प्रौढांना एकच साधा प्रश्न विचारला: कुठे दुखतंय का? दुखण्याची अशी घरोघरची मोजदाद मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठी वाटते. भिगवण महामार्गावरचं गाव आहे. सह्याद्रीच्या या अंगाला, पायवाटेच्या टोकाशी, हा प्रश्न तसा घरोघर विचारला जावा असं मला वाटतं. डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधनाचं आयसीएमआरचं केंद्र आहे, परळला केईएमच्या आवारात रक्त आणि प्रतिपिंडांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अंतर फार नाही. मधला शेवटचा तुकडा तेवढा चालायचा राहिलाय.

कधीकधी कुणी विचारतं, उंदरांना मारून काय मिळतं? मला तो प्रश्न उडवून लावता येत नाही. ज्या पिल्लाला मुद्दाम आजारी जन्माला घातलं, त्याचं आपण देणं लागतो. त्याने आपल्याला सांगितलं ते एवढं: मोठी नळी मोकळी असली म्हणून हृदय सुखरूप असतं असं नाही, आणि अटॅकला वय लागत नाही, चरबीही लागत नाही. हे ज्ञान १९८१ पासून छापील पडून आहे. ते वापरलं नाही तर देणं फिटलं कसं म्हणायचं?

ती पाखडणारी बाई भट्टीवर जायच्या आधी मैत्रिणीने तिला दवाखान्यात आणलीच. लघवी आणि रक्त दोन्ही घेतलं. पुढच्या गोष्टी तिच्या खाजगी आहेत.

तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्यांत अशी एखादी तरुण बाई असेल, जिचे सांधे सकाळी आखडतात, केस मुठीने गळतात, तोंडात वरचेवर व्रण उठतात, उन्हात गेलं की ताप आणि चट्टे येतात, किंवा जिचे गर्भ पुन्हा पुन्हा पडलेत, तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घे’ म्हणून तिला वाटेला लावू नका. लघवीतून प्रथिनं जातात का आणि रक्तात प्लेटलेट किती आहेत, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही फुकट तपासता येतं. तेवढं तरी मागून घ्या, आणि त्यात काही निघालं, किंवा न निघताही दुखणं चालूच राहिलं, तर ल्यूपस शोधणाऱ्या एएनए तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायला सांगा. रक्तदाब मोजून घ्या. आणि तिने छातीत दुखतंय म्हटलं तर तिचं वय विचारत बसू नका, आधी ईसीजी काढा.